सहभागाचा रकाना

सहशालेय उपक्रमांची नोंदवही आमच्या शाळेत लांबट, निळ्या पुठ्ठ्याची असते. विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, उपक्रम, सहभाग, शेरा. यातला ‘सहभाग’ हा रकाना मी सलग एकोणीस वर्षं भरला. त्यातली सहा वर्षं तो वरपासून खालपर्यंत भरलेला आहे, एकही घर रिकामं नाही, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचं कौतुकही केलं होतं. त्या सहा वर्षांबद्दल मला लिहायचं आहे. कारण ती सक्ती शासनाने केलेली नव्हती आणि संस्थेनेही नव्हती. ती मी केली होती.

शाळा माण तालुक्यातली. पाचवी ते दहावी, अनुदानित. मी मराठी आणि इतिहास शिकवते, यंदा निवृत्त होते आहे. निम्मी मुलं गावातली, निम्मी वाड्यावस्त्यांवरून येणारी. कुणी एसटीने, कुणी चालत. दिवाळीनंतर काहींच्या घरची मेंढरं चाऱ्यासाठी बाहेर पडतात, काहींचे आईबाप ऊसतोडीला जातात, आणि मुलं आजीआजोबांपाशी राहतात किंवा राहत नाहीत.

सक्ती का केली ते आधी सांगते, कारण ते कारण मला आजही खोटं वाटत नाही.

त्याआधी सगळं हौसेवर चालायचं. वर्गात जाऊन विचारायचं, “वक्तृत्वाला कोण कोण आहे?” तेच हात वर यायचे. विज्ञान प्रदर्शनाला विचारलं तरी तेच, नाटुकल्याला विचारलं तरी तेच. एका जूनमध्ये पाऊस नव्हता, नवे वर्ग अजून लागले नव्हते, तेव्हा मी बसून मोजलं. वक्तृत्व, निबंध, विज्ञान प्रदर्शन, नाटुकलं आणि प्रभातफेरीचा चित्ररथ, या पाचही ठिकाणी मिळून आदल्या वर्षी अकरा मुलं होती. चारशेच्या वर पटसंख्येच्या शाळेत अकरा. तीन शिक्षकांची, दोन डॉक्टरांची, बाकीची बहुतेक बाजारपेठेतल्या दुकानदारांची. चित्ररथावरची भारतमाता तर चार वर्षं एकच मुलगी होत होती. का, तर गोरी म्हणून. तिची निवड मीच करत होते.

हौस सगळ्यांनाच असते. पण हात वर करायच्या आधी घरात कधीतरी कुणीतरी म्हणालेलं असावं लागतं की तुलाही जमेल. वस्तीवरून आलेल्या मुलाला ते कुणी म्हणालेलं नसतं, आणि शाळेत येऊन हात वर करायला सांगितलं की तो आधी डॉक्टरांच्या मुलाकडे बघतो. आमच्याकडे ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ ‘ज्यांच्या घरी ठाऊक आहे त्यांच्यासाठी’ एवढाच उरला होता. हे मी शिक्षकसभेत जरा तावातावानेच मांडलं. प्रत्येक मूल एका मंडळात असलंच पाहिजे, आणि स्नेहसंमेलनात प्रत्येक मूल रंगमंचावर एकदा तरी आलंच पाहिजे, असा ठराव झाला. मुख्याध्यापक सर म्हणाले, “चालेल मॅडम, पण फाईल चोख ठेवा.”

सरांचंही चुकत नव्हतं. शिक्षण हक्क कायदा २००९चा. पाठोपाठ आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची झाली: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगलीच होती. पण साठ मुलांच्या वर्गात साठ छंद शोधायचे कधी? मोबाईलवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागल्या. ‘वाचनाची आवड आहे.’ ‘चित्रकलेत रुची घेतो.’ ‘खेळात उत्साहाने सहभागी होते.’ आमच्या एका सरांनी एकदा ओळीने लिहिता लिहिता एका मुलाला ‘उत्साहाने सहभागी होते’ असं करून ठेवलं. ते वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, मुलाच्या वडलांच्याही नाही.

अशा वातावरणात माझी सक्ती जन्माला आली. मला वाटलं होतं, मी ओळी खऱ्या करते आहे.

मंडळं पाच: वाङ्मय, विज्ञान, हरित सेना, स्काऊट-गाइड आणि लेझीम पथक. वेळ शनिवारची, सकाळची शाळा सुटल्यावर तासभर. पण शाळा सुटल्यावर पाऊण तासाने एसटीची गाडी निघायची, मुलींसाठीची. ड्रायव्हर भला माणूस होता, पण पुढच्या दोन गावांत मुली उभ्या असत, तो किती थांबणार? ती गाडी चुकली की साडेतीनची वाट बघायची, नाहीतर सहा किलोमीटर उन्हात चालायचं. त्यामुळे हरित सेनेतल्या मुली दप्तर मांडीवर घेऊन, रस्त्याकडे कान लावून बसायच्या. मी त्यांना बेलाच्या आणि आपट्याच्या पानातला फरक सांगत असायचे, आणि त्या हॉर्न ऐकत असायच्या. आठवडाभर ज्या मुलीला आई “शाळा सुटली की सरळ घरी ये” असं बजावते, तिला मी शनिवारी उशिरा घरी पाठवत होते, आणि दोन मुलींची शनिवारची शाळाच बंद झाली तेव्हा पालक जागरूक नाहीत असं म्हणत होते.

शिकवायला माणसं कोण? चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. खेळाचे सर दोन शाळा सांभाळत. लेझीम गणिताच्या सरांकडे दिलं, एक-दोन-तीन-चार मोजता येतं एवढ्या भांडवलावर. विज्ञानाच्या मॅडम नाटक बसवत. मला आठवतं, त्यांच्या नाटकात सगळी पात्रं एका रांगेत उभी राहून बोलायची, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या लावतात तशी.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक ओळ आहे, ती मी फार उशिरा वाचली. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर शाळेला कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे सक्ती होतीच, पण ती शाळा चालवणाऱ्यांवर होती. निदेशक आम्ही आणू शकलो नाही. मूल मात्र आणून बसवलं.

हे असं होणं नवं नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव सुचवला, तेव्हा मुलांचे हात खऱ्या कामाला लागावेत हा हेतू होता. माझ्या पिढीपर्यंत तो येता येता भेंडीचे ठसे आणि क्रेप कागदाची फुलं एवढाच शिल्लक राहिला. हल्ली तर स्टेशनरीच्या दुकानात सौर चूल तयार मिळते. दोन वर्षांपूर्वी एकाच दुकानातल्या चार सारख्या सौर चुली आमच्या प्रदर्शनात ओळीने मांडलेल्या होत्या आणि चौघांनाही सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं.

या सगळ्या काळात मला वडलांची आठवण यायची आणि ती गैरसोयीची होती. वडील साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकले, पन्नासच्या दशकात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली, कराडजवळ काले इथे. साताऱ्याचं बोर्डिंग १९२४चं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहात, एकत्र जेवत, आणि कमवून शिकत. वडलांनी तिथे माती वाहिली, झाडांना पाणी घातलं, शेकडो भाकरी थापल्या. ही सक्तीच होती, नाही म्हणायची सोय नव्हती. तरी त्या सक्तीबद्दल ते कधी कडवट बोलले नाहीत. मी माझ्या मंडळांची रडकथा सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “तू स्वतः काय करतेस त्या वेळेला?”

मी म्हटलं, “हजेरी घेते.”

“आमच्या वेळी मास्तरही खोरं घेऊन असायचे,” ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

त्यांच्या खड्ड्यात झाड लागणार होतं, त्यांच्या भाकरीवर संध्याकाळची पंगत उठणार होती. माझ्या शनिवारातून कुणाला काही मिळणार होतं का? मला मिळणार होता तो भरलेला रकाना. लेझीम पथकाशेजारी खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन, मी उन्हात मुलांची हजेरी घेत होते हे चित्र त्या दिवसापासून मला नकोसं झालं. तरी मी आणखी दोन वर्षं तेच करत राहिले. माणूस स्वतःच्या ठरावाला फार जपतो.

एक गोष्ट मात्र या काळात सक्तीशिवाय घडली, ती सांगायला हवी. आमच्याच तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात पहाटे मैदानावर आठ-दहा मुली पळताना दिसायला लागल्या. बरोबर वडील, मफलर गुंडाळून, मोटरसायकलला टेकून उभे. मी कुठलीही नोटीस काढलेली नव्हती. त्या मुलींचं पळणं कुठल्याही मंडळात बसत नव्हतं. उलट त्यातल्या दोघींना मी विज्ञान मंडळात गैरहजर म्हणून लाल शाईने लिहिलेलं होतं.

आता स्नेहसंमेलनाकडे येते. आमच्याकडे त्याला कुणी स्नेहसंमेलन म्हणत नाही, गॅदरिंग म्हणतात.

प्रत्येक मूल रंगमंचावर, हा नियम पाळायचा तर हिशोब सोपा होता. एका गाण्यात साठ-पासष्ट मुलं घालायची. पुढच्या रांगेत नाचणाऱ्या आठ, त्यांच्या मागे हात हलवणाऱ्या वीस, आणि त्यांच्या मागे उभी राहिलेली उरलेली, ज्यांची फक्त डोकी दिसतात. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं तिथे दर गॅदरिंगला दोन तरी कोळीगीतं असतात, हे कोडं मला कधी उलगडलेलं नाही. ड्रेस ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने यायचे. एकशेवीस रुपये, शिवाय पन्नास डिपॉझिट. कुणाची कंबर मोठी, कुणाचं धोतर लोंबतंय, सेफ्टी पिनांचा एक डबा संपायचा. ड्रेस घातलेली मुलं दुपारपासून मागच्या तीन वर्गांत बसवून ठेवायची, नंबर आला की वरच्या वर्गातली मुलं त्यांना हाकत आणायची. नाच झाला की पुन्हा वर्गात, ड्रेस मोजून परत घेईपर्यंत.

सहाव्या वर्षी, जानेवारीत, तालमी सुरू झाल्या आणि आठवीतली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. हुशार नव्हती, उनाड नव्हती, कुठल्याच कारणाने लक्षात राहणारी नव्हती. नऊ दिवस झाले तेव्हा मी तिच्या वस्तीवर गेले. मला खात्री होती की एकशेवीस रुपयांची अडचण असणार. पर्समध्ये पैसे वेगळे काढून ठेवले होते आणि मनात, खोटं कशाला बोलू, थोडं समाधानही होतं की आपण किती समजून घेतो.

आजी दारात शेंगा फोडत बसली होती. पैशाचं मी चाचरत काढलं. आजी म्हणाली, “पैशाचं काय न्हाय वो बाई. कोंबडी इकली की झालं. पोरगीच नगं म्हणतीया.”

मुलगी शेरडांना पाला टाकत होती. मी जवळ गेले. “नाचायला लाज वाटते का? मागच्या रांगेत उभी राहा. कुणाला दिसणारही नाहीस.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, “मला बघायचंय, बाई.”

“काय बघायचंय?”

“गॅदरिंग.”

मग हळूहळू तिने सांगितलं. चौथीत असताना, वस्तीवरच्या शाळेत, ती आजीबरोबर आमच्या गॅदरिंगला आली होती, थोरल्या बहिणीचं बघायला. पुढं चटईवर बसली होती. नाटकात एक मुलगा म्हातारा झाला होता आणि त्याची दाढी निघाली, ते तिला अजून आठवत होतं. लाइट लाल झाला, मग हिरवा झाला, ते आठवत होतं. “पाचवीत शाळंत आले तवापासनं काहीच दिसलं न्हाय. आमाला माघं वर्गात कोंडत्यात. नुसता आवाज येतो.”

मी परत येताना गाडीत तेवढंच घोळवत होते. सहा वर्षं आम्ही गॅदरिंग करत होतो आणि शाळेतल्या एकाही मुलाने ते पाहिलेलं नव्हतं. पुढे पालक, पाहुणे, अध्यक्ष, संस्थेचे पदाधिकारी. चटईवर दुसऱ्या शाळांतली लहान भावंडं. आमची चारशे मुलं मागे, पिना टोचून घेत. बघणं हाही एक भाग आहे, तोही शिकावा लागतो, आणि एखाद्या मुलाला तोच हवा असू शकतो, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला कळू नये याची मला लाज वाटली. मीच वर्गात सांगते की कविता ऐकणाराही लागतो.

पुढच्या जूनमध्ये ठराव बदलला. सहज बदलला नाही. मी पूर्ण उलट जायला तयार नव्हते, कारण अकरा मुलांचा तो आकडा मी विसरले नव्हते. सगळं ऐच्छिक केलं की पुन्हा डॉक्टरांची मुलगी भारतमाता होणार. बराच काथ्याकूट झाला आणि जे ठरलं ते असं: मंडळं शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांत, शाळेच्या वेळेत. पाचवी-सहावीतल्या प्रत्येकाने वर्षभरात पाचही मंडळांत काही आठवडे बसायचं, इथे नाही म्हणायची मुभा नाही. चव घेतल्याशिवाय नको कसं म्हणणार? पण या दोन वर्षांत रंगमंच नाही, स्पर्धा नाही, श्रेणी नाही. सातवीपासून मूल स्वतः निवडेल, आणि ‘यंदा काही नको’ हीही निवड असेल. तेव्हा ग्रंथालयात बसायचं. स्पर्धेला एका मुलाचं नाव वर्षात दोनदाच जाईल. भारतमाता चिठ्ठी टाकून. ज्या शिक्षकाकडे मंडळ, त्याने हातात लेझीम घ्यायचं, खुर्ची आणायची नाही. ही शेवटची अट मी घातली आणि गणिताचे सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

गॅदरिंगला पहिल्या चार चटया शाळेच्या मुलांच्या. पाहुणे त्यांच्या मागे.

तोटेही झाले. तालुक्याच्या वक्तृत्वाची ढाल आमच्याकडे सात वर्षं होती, ती गेली. ज्यांचं मूल आधी पाच ठिकाणी असायचं ते पालक मुख्याध्यापकांना भेटून गेले, आमच्या पोरीला मागे खेचलं म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते खरंही होतं. ‘काही नको’ म्हणणाऱ्यांत काही निव्वळ आळशी मुलगे आहेत, ग्रंथालयात बसून मासिकातल्या क्रिकेटच्या फोटोंना मिशा काढतात. आठवीनवीत चित्रकलेच्या परीक्षेकडे गर्दी वाढली ती कलेच्या ओढीने नाही, इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीचे गुण दहावीत मिळतात म्हणून. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या गर्दीतल्या एक-दोघांच्या हातात ब्रश राहतो. पण मग गुणांसाठी केलेली निवड ही निवड की सक्ती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आणि वरून येणारं थांबलेलं नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि सहशालेय यांच्यातली भिंत काढायला सांगितली, ते वाचून मला बरं वाटलं. २०२४ साली पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आला. शनिवारी मुलांना आनंद झाला की त्याचे फोटो काढून ठेवतो आम्ही, विचारलं तर दाखवायला.

ती मुलगी पुढच्या वर्षी नववीत होती. तिने ‘काही नको’ला टिक केली. मंडळाच्या तासाला ग्रंथालयात बसायची, पुस्तक वाचायचीच असं नाही, खिडकीतून लेझीम बघायची. मी तिला काही विचारलं नाही, आणि पाहिलेल्या गोष्टींवर निबंध लिहायला लावायचा मोहही आवरला. जानेवारीत गॅदरिंगच्या संध्याकाळी ती साडेचारलाच येऊन पहिल्या चटईवर बसली, आजी मागे खुर्चीवर. दोन कोळीगीतं झाली, नाटक झालं. नाटकात म्हातारा होता, पण त्याची दाढी काही पडली नाही.

वर्षअखेरीला नोंदवही भरताना तिच्या नावापुढे सहभागाच्या रकान्यात मी ‘पाहते’ असं लिहिलं. तपासणीत त्या शब्दाखाली लाल रेघ आली आणि शेजारी प्रश्नचिन्ह. दुरुस्ती करून पुन्हा सादर करावं, असा शेरा होता. मी वही तशीच पाठवली. ती आता कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहे, खालून दुसऱ्या कप्प्यात, निळ्या पुठ्ठ्याची.